वीणेची तार व कांचेचा तंतु

आषाढी वारीच्या दिंडींत विणेकऱ्याचें काम मोठें जबाबदारीचें असतें. टाळमृदंगाचा गजर चालू असतो, शेंकडों पावलें वाट तुडवीत असतात, वर पावसाची झड आणि अंगावर वारा; अशांत वीणेची तार मधूनच किंचित् उतरते. शेजारच्या टाळकऱ्याच्या तें ध्यानांतही येत नाहीं. विणेकऱ्याचा कान मात्र तेवढ्यानें सावध होतो. तो चालतां चालतांच खुंटी पिळतो आणि तार पुन्हां सुरांत येते. तारेवर ताण किती आहे हें पाहण्यास त्याला फूटपट्टी लागत नाहीं कीं तराजू लागत नाहीं. तारेचा स्वर हेंच तिच्या ताणाचें माप होय.

हाच साधा नियम आधुनिक पदार्थविज्ञानानें एका निराळ्या तारेस लाविला आहे. ही तार कांचेची असते. ती ताणली असतां तिच्यांतून परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. असा कांचेचा तंतु भिंतींत, पुलाच्या तुळईंत किंवा धरणाच्या मातींत बसविला म्हणजे ती वास्तु कोठें ताणली, कोठें दबली आणि कोणत्या बाजूस किती वांकली, हें दूर बसून समजूं शकतें. पंढरपूर हें नदीकांठचें, घाटांचें, पुलांचें व यात्रेचें गांव. वर्षांतून चार मोठ्या वाऱ्यांस तेथें लाखों माणसें अरुंद जागेंत दाटतात. तेव्हां या नव्या विद्येचा विचार पंढरपुराच्या दृष्टीनें करणें अनुचित होणार नाहीं.

वास्तु पडते ती बहुधा एका क्षणांत पडते. परंतु पडण्याची तयारी तिनें पुष्कळदां आधींपासून चालविलेली असते. भिंतीमागची माती पाणी पिऊन जड होते आणि भिंतीचें पोट पुढें येऊं लागतें. पायाखालची वाळू पूर उपसून नेतो आणि पुलाचा खांब केंसभर कलतो. इ. स. १९६१ च्या जुलै महिन्यांत पुण्याजवळ आंबी नदीवरील पानशेत धरणाचें असेंच झालें. धरणाचें काम अपुरें होतें आणि पावसाचें पाणी तर चढत चाललें होतें. पाणी सोडण्याच्या मोरीवरील मातीचा बांध खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून खचणारा माथा उंच ठेवण्याची शिकस्त केली. १२ जुलै रोजीं सकाळीं बांध फुटला, मागोमाग खडकवासल्याचें धरणही फुटलें आणि पुण्याच्या नदीकांठच्या वस्तीची दाणादाण उडाली. जवानांच्या श्रमामुळें ही आपत्ति काळोखाऐवजीं दिवसाउजेडीं आली व कित्येकांचे प्राण वांचले. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, धरण फुटण्यापूर्वीं त्याचा आकार बदलत होता, आणि तो बदल ज्यांनीं पाहिला त्यांना कांहीं तास तरी हाताशीं मिळाले.

सर्वच ठिकाणीं असे तास मिळत नाहींत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीच्या पुरांत १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्यांसह कांहीं वाहनें नदींत गेलीं. पुढें पूल उरलेला नाहीं, हें काळोखांत येणाऱ्या चालकास सांगणारें तेथें कांहींच नव्हतें. खुद्द पंढरपुरांत १४ ऑक्टोबर २०२० रोजीं अतिवृष्टि चालू असतां कुंभार घाटाजवळची भिंत कोसळली आणि तिच्याखालीं सांपडून सहा माणसें मृत्युमुखीं पडलीं. एखादें यंत्र असतें तर हीं माणसें वांचलींच असतीं, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि भिंतीच्या पोटांत काय चाललें आहे हें भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसास डोळ्यांनीं कळत नाहीं, एवढें या दुःखद प्रसंगावरून निश्चित दिसतें.

वास्तूची हालचाल ओळखण्याच्या जुन्या युक्त्या आपल्याकडे नाहींत असें नाहीं. गवंडी ओळंबा सोडून भिंतीचा कल पाहतो. भेग पडली असेल तर तिच्यावर कांचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तीवर तारीख घालण्याची चाल आहे. भेग वाढली कीं कांच तडकते. मोजणीदार दुर्बिणीनें धरणाच्या माथ्यावरील खुणा ठराविक काळानें तपासतो. हीं साधनें चांगलीं असून आजही तीं टाकून देण्याजोगीं नाहींत. परंतु त्यांत दोन उणिवा आहेत. एक तर माणूस जेव्हां तेथें जाईल तेव्हांच तीं बोलतात. आणि ज्या रात्रीं त्यांची सर्वांत अधिक गरज, त्याच पुराच्या रात्रीं माणूस तेथें जाऊं शकत नाहीं. दुसरें असें कीं, तीं पृष्ठभाग पाहतात; पोटांतली वांक त्यांस दिसत नाहीं. कांचेच्या तंतूचें महत्त्व या दोन उणिवा भरून काढण्यांत आहे.

कांच म्हटली कीं ठिसूळपणा आठवतो. परंतु तीच कांच तापवून केंसासारखी बारीक ओढली म्हणजे लवचिक होते व दोऱ्यासारखी रिळावर गुंडाळतां येते. प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूची कांच १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा, जाड असते; त्याच्या मधोमध सुमारें ९ मायक्रॉनांचा गाभा असतो आणि प्रकाश या गाभ्यांतून जातो. तो बाहेर कां पडत नाहीं, हें समजण्यास डोहांत बुडी मारणाऱ्याचा अनुभव पुरेसा आहे. पाण्याखालून तिरप्या नजरेनें वर पाहिलें तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. कारण फार तिरपा आलेला प्रकाश हवेंत न शिरतां परत पाण्यांतच वळतो. तंतूच्या गाभ्याची कांच भोंवतालच्या कांचेहून प्रकाशाच्या दृष्टीनें किंचित् घन केलेली असते. त्यामुळें गाभ्यांतला प्रकाश वळणा-वळणांतून आंतल्या आंत परावर्तित होत पुढें सरकतो.

जिनीव्हा येथील कोलादों यांनीं १८४१ च्या सुमारास पाण्याच्या वांकड्या धारेंतून प्रकाश नेऊन दाखविला होता. कांचतंतूंच्या बाबतींत एका भारतीयाचें नांव आदरानें घ्यावें लागतें. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत हॉपकिन्स यांच्यासमवेत तंतूंच्या जुडग्यांतून चित्र एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे नेलें. त्याचा वृत्तांत १९५४ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढें १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कांच पुरेशी शुद्ध केल्यास तंतूंतून संदेश फार दूर जातील. या कार्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या उत्तम तंतूंत प्रकाश १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा शिल्लक राहतो. महाराष्ट्रास तर ही वस्तु परकी राहिलेलीच नाहीं. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, याच्या परिसरांतील कारखान्यांत असा तंतु तयार होतो. दूरध्वनि आणि इंटरनेट यांचे संदेश अशाच तंतूंवरून गांवोगांव धांवत असतात.

संदेश वाहणारा हा तंतु मोजमाप कसें करूं लागला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. कॅनडांतील ओटावा येथें केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांना १९७८ सालीं असें आढळलें कीं, तीव्र प्रकाशानें तंतूच्या गाभ्यांत सूक्ष्म रेघा कायमच्या उमटतात. १९८९ सालीं जेराल्ड मेल्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तंतूच्या बाजूनें अतिनील किरण टाकून अशा रेघा हव्या त्या अंतरावर उमटविण्याची रीत दाखवून दिली. या रेघांची जणूं एक शिडीच गाभ्यांत तयार होते. तिच्या दोन पायऱ्यांमधील अंतर सुमारें अर्धा मायक्रॉन असल्यामुळें एका सेंटिमीटरांत अठरा हजारांवर पायऱ्या मावतात. लॉरेन्स ब्रॅग यांनीं १९१२ सालीं स्फटिकावरून क्ष-किरण कसे परततात याचा जो नियम सांगितला, त्याच नियमानें ही शिडी वागते. म्हणून तिला ब्रॅग ग्रेटिंग असें नांव आहे.

अशी शिडी आपल्या पायऱ्यांच्या अंतरास जुळणारा एकच रंग परत पाठविते व बाकीचे सर्व रंग पुढें जाऊं देते. तंतु ताणला कीं पायऱ्यांमधील अंतर वाढतें आणि परत येणारा रंग लांब लहरींकडे सरकतो. तंतु आखडला कीं तो आंखूड लहरींकडे सरकतो. वीणेच्या तारेचा स्वर चढावा किंवा उतरावा तसाच हा प्रकार होय. येथें रंग हा शब्द सोयीसाठीं वापरला आहे. कारण या कामीं बहुधा १५५० नॅनोमीटरांच्या आसपासचा, डोळ्यांस न दिसणारा, तांबड्यापलीकडचा प्रकाश घेतात.

तुळशीच्या माळेंत मणी ओंवावे त्याप्रमाणें एकाच तंतूवर अशा अनेक शिड्या ठिकठिकाणीं उमटवितां येतात. प्रत्येकीच्या पायऱ्यांचें अंतर निराळें ठेविलें म्हणजे प्रत्येक मण्याचा रंग निराळा होतो. कोणता रंग सरकला यावरून कोणता मणी ताणला हें कळतें, आणि किती सरकला यावरून किती ताणला हें कळतें. सर्व मण्यांस मिळून एक तंतु आणि एक वाचकयंत्र पुरतें. मापाच्या जागीं वीज न्यावी लागत नाहीं. कांच गंजत नाहीं आणि आकाशांतील विजेच्या कडकडाटानें तंतूंतील प्रकाश बिघडत नाहीं. नदीकांठच्या बांधकामास हे गुण फार मोलाचे आहेत.

या मापाची सूक्ष्मता किती, हें आंकड्यांनींच सांगावें लागेल. एक किलोमीटर लांबीची वस्तु एका मिलिमीटरनें वाढली, तर त्या वाढीच्या प्रमाणास अभियंते एक मायक्रोस्ट्रेन म्हणतात. एवढ्याशा वाढीनें ग्रेटिंगचा रंग सुमारें १·२ पिकोमीटरनें सरकतो. आणि पिकोमीटर म्हणजे मायक्रॉनचा दहालक्षावा भाग. चांगलें वाचकयंत्र एवढाही फरक ओळखूं शकतें.

याहून विलक्षण अशी दुसरी पद्धति आहे. तींत तंतूवर कांहींच उमटवावें लागत नाहीं. कांच कितीही शुद्ध असली तरी तिच्यांतून जाणारा प्रकाश थोडाथोडा विखुरतो आणि त्याचा अल्प अंश मागें परततो. फ्रान्सचे लेओं ब्रिलुएँ यांनीं १९२२ सालीं वर्णिलेल्या प्रकारानें विखुरलेल्या प्रकाशावर तंतूचा ताण व उष्णता या दोहोंचा ठसा असतो. आपले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास शोधून काढलेल्या प्रकारानें जो प्रकाश विखुरतो, त्यावरून तंतूच्या ठिकाणची उष्णता कळते. प्रकाश कोठून परतला हें वेळेवरून ठरतें. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. तेव्हां एक मीटर पुढच्या ठिकाणाहून परतणाऱ्या प्रकाशास दहा नॅनोसेकंद अधिक लागतात. एवढा वेळ आजचीं यंत्रें सहज मोजतात. अशा रीतीनें कित्येक किलोमीटरांचा साधा तंतु सर्वांगानें संवेदनशील होतो. मातीच्या धरणांत तर रामन यांच्या शोधाचा निराळाच उपयोग आहे. धरणांतून पाणी झिरपूं लागलें कीं तेथील मातीची उष्णता बदलते, आणि मातींत पुरलेला तंतु झिरप्याची जागा दाखवितो.

येथें एक शंका उद्भवते. लांबींतील वाढ कळली हें ठीक. पण तेवढ्यावरून वास्तूचा आकार कसा कळावा? याचें उत्तर शेतांतल्या जोंधळ्याच्या ताटापाशीं आहे. वाऱ्यानें ताट वांकतें तेव्हां त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आंतली बाजू दबते. वांक जितकी अधिक, तितका दोन्ही बाजूंमधील फरक अधिक. म्हणून एखाद्या नळीच्या समोरासमोरच्या बाजूंस दोन तंतु लांबीनें चिकटविले, तर प्रत्येक ठिकाणीं त्या दोहोंच्या मापांतील फरकावरून तेथली वांक काढतां येते. सारख्या अंतरावर तीन तंतु बसविले, तर वांक कोणत्या दिशेस आहे हेंही समजतें. शस्त्रक्रियेंत लागणाऱ्या बारीक नळ्यांसाठीं तर एकाच तंतूच्या पोटांत अनेक गाभे ठेवून हें काम साधतात.

प्रत्येक ठिकाणची वांक कळल्यावर सबंध आकृति कशी सिद्ध होते, यासाठीं श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, काळोख्या रात्रीं एक दिंडी एकामागें एक अशा रांगेनें उभी आहे. कोणासही सारी रांग दिसत नाहीं. प्रत्येकास एवढेंच कळतें कीं, पुढच्या माणसाच्या दिशेपासून आपली दिशा किती वळली आहे. आतां अग्रभागींच्या माणसाची जागा व त्याच्या तोंडाची दिशा ठाऊक असेल, दोन माणसांमधील अंतर ठाऊक असेल आणि प्रत्येकानें आपल्या वळणाचें माप ओरडून सांगितलें, तर कंदिलाजवळ कागद घेऊन बसलेल्या माणसास साऱ्या रांगेची आकृति बिनचूक काढतां येईल. वाचकयंत्रास जोडलेला संगणक हेंच करतो. नळीच्या एका टोंकापासून तो निघतो आणि पावलापावलाची वांक जोडीत दुसऱ्या टोंकास पोंचतो.

प्रत्यक्ष उदाहरण घ्यावयाचें तर दहा मीटर उंचीची भिंत घ्यावी. तिच्या पाठीशीं पांच सेंटिमीटर व्यासाची नळी उभी बसविली असून नळीचें खालचें टोंक भक्कम खडकांत रोंवलें आहे, आणि नळीच्या पुढच्या व मागच्या बाजूस तंतु चिकटविले आहेत. भिंतीचा माथा दोन सेंटिमीटर पुढें गेला व नळी सर्वत्र सारखी वांकली, तर ती वांक अडीच हजार मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची होईल. एवढ्या प्रचंड वर्तुळाचा दहा मीटरांचा तुकडा डोळ्यास सरळच दिसणार. परंतु एका बाजूचा तंतु १० मायक्रोस्ट्रेनांनीं ताणला जाईल व दुसऱ्या बाजूचा तितकाच आखडेल. आणि हें माप यंत्राच्या आवांक्यांत आहे. नळी खडकांत रोंवण्यास कारण आहे. भिंत स्वतः न वांकतां सबंधच कलली, तर केवळ भिंतीपुरती बसविलेली नळी तिच्याबरोबर कलेल आणि कांहींच सांगणार नाहीं. खडकांत पाय घट्ट असेल तरच बुडाशीं वांक पडेल व ती कळेल.

या गोष्टी प्रयोगशाळेच्या भिंतींत अडकून राहिलेल्या नाहींत. कॅनडांत कॅलगरी शहरीं १९९३ सालीं बांधलेल्या बेडिंग्टन ट्रेल पुलाच्या तुळयांत असे तंतु बांधतेवेळींच घातले होते. हाँगकाँगच्या १,३७७ मीटर लांब मुख्य गाळ्याच्या त्सिंग मा झुलत्या पुलावर २००३ सालीं ब्रॅग ग्रेटिंग बसवून आगगाड्यांच्या भारानें पुलाचे भाग कसे ताणतात हें मोजण्यांत आलें. विमानविद्येंतही याचा कस लागला. अमेरिकेच्या नासा संस्थेचें हेलिओस नांवाचें सूर्यप्रकाशावर चालणारें वैमानिकरहित विमान २६ जून २००३ रोजीं हवाई बेटांजवळ मोडून समुद्रांत पडलें. त्याचे लांबलचक पंख अशांत हवेंत प्रमाणाबाहेर वर वांकले होते. पुढें २००८ सालीं नासानें इखाना नांवाच्या विमानाच्या पंखांवर केंसासारखे तंतु चिकटवून उड्डाण चालू असतांनाच दोन हजारांवर ठिकाणचे ताण मोजले व त्यावरून पंखांचा आकार क्षणोक्षणीं काढला.

आतां पंढरपुराकडे वळावें. भीमा येथें चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वरच्या अंगास भीमेवर उजनीचें धरण आहे; तें १९८० सालीं पुरें झालें. उजनीच्या खालीं नरसिंहपुराजवळ नीरा नदी भीमेस मिळते, आणि नीरेवर वीरचें धरण आहे. दोन्ही धरणांतून पाणी सुटलें म्हणजे पंढरपुरास पूर येतो. जुना दगडी पूल पाण्याखालीं जातो आणि वाळवंटांतील भक्त पुंडलिकाच्या मंदिरास पाण्याचा वेढा पडतो. पूर चढतांना लोक जागे असतात. परंतु कांठच्या भिंतींस पूर ओसरतांनाच अधिक भय असतें, ही गोष्ट सामान्यतः लक्षांत येत नाहीं. पूर असतांना पुढील पाणी भिंतीस टेंका देतें. तें झपाट्यानें उतरलें कीं टेंका जातो. मागची माती मात्र पाण्यानें ओथंबलेलीच राहते आणि भिंतीस पुढें रेटते. मुसळधार पावसानेंही हाच रेटा निर्माण होतो. अशा वेळीं यात्रेकरू निर्धास्तपणें भिंतीच्या सावलीस बसलेला असतो.

म्हणून घाटाच्या उंच भिंतींमागें, पुलांच्या खांबांत आणि वरच्या धरणांच्या बांधांत तंतु बसविणें हा विचार नदीकांठच्या कोणत्याही यात्रास्थानीं होण्याजोगा आहे. जुन्या दगडी बांधकामास मोठी छिद्रें न पाडतां, सांध्यांतून बारीक तंतु नेतां येतो, हा त्याचा आणखी एक गुण. नवी भिंत बांधतांना तर ही नळी पायापासूनच घातली पाहिजे. मागाहून घालूं म्हटलें कीं खर्चही वाढतो आणि कामही कच्चें राहतें.

परंतु या साधनाच्या मर्यादा न सांगणें हें श्रोत्यांची फसवणूक करण्यासारखें होईल. पहिली मर्यादा उष्णतेची. पंढरपुरीं वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो. एक अंश सेल्सिअस उष्णता वाढली तरी ग्रेटिंगचा रंग सुमारें १० पिकोमीटरनें सरकतो, म्हणजे जवळजवळ ८ मायक्रोस्ट्रेन ताणाइतका. वरच्या उदाहरणांतील भिंतीचा १० मायक्रोस्ट्रेनांचा इशारा सव्वा अंशाच्या उष्णतेनें झांकला जाईल. दोन्ही बाजूंचे तंतु सारखेच तापले तर वजाबाकींत ही चूक निघून जाते. पण ऊन एकाच बाजूस पडलें तर ती राहते. यास्तव शेजारीं एक ताण न पडणारा सैल तंतु ठेवून केवळ उष्णता निराळी मोजावी लागते.

दुसरी मर्यादा चिकटविण्याची. तंतु वास्तूशीं एकजीव झाला नाहीं, तर वास्तु सरकेल आणि तंतु स्वस्थ राहील. तिसरी मर्यादा चुकीच्या बेरजेची. दिंडीच्या उदाहरणांत प्रत्येकानें आपलें वळण अल्पसें चुकीचें सांगितलें, तर रांगेच्या शेवटीं आकृति बरीच भलतीकडे जाईल. म्हणून मोजणीदाराच्या दुर्बिणीनें टोंकांची जागा अधूनमधून पडताळून पाहावी लागते. जुनी विद्या नव्या विद्येस साक्षीदार म्हणून हवीच. चौथी गोष्ट अशी कीं, तंतु स्वस्त असला तरी वाचकयंत्र महाग असतें, त्यास वीज लागते आणि तें पुराच्या रेषेच्या वर सुरक्षित ठेवावें लागतें. पांचवी गोष्ट सर्वांत साधी असून तीच बहुधा विसरली जाते: वास्तु सुस्थितींत असतांनाचें माप आधीं टिपून ठेविलें पाहिजे. विणेकऱ्यास मूळ सूर ठाऊक नसेल, तर तार उतरली हें त्यास कशावरून कळावें? निदान एक वर्षभर, उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा या तिन्ही ऋतूंत, भिंत स्वाभाविकपणें किती हलते याची नोंद हवी. त्यानंतरच अस्वाभाविक हालचाल वेगळी ओळखतां येईल.

आणि या सर्वांहून मोठी मर्यादा यंत्राबाहेरची आहे. तंतु भिंतीस टेंका देत नाहीं. तो केवळ सांगतो. सांगितलेलें ऐकणारा, त्याचा अर्थ जाणणारा आणि घाट रिकामा करा किंवा पूल बंद करा अशी आज्ञा देण्याचा अधिकार असलेला माणूस पलीकडे नसेल, तर कांचेंतील प्रकाश व्यर्थ जाईल. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमानें मोठ्या धरणांवर मापनयंत्रें ठेवण्याची व त्यांच्या नोंदी राखण्याची जबाबदारी धरणाच्या मालकांवर टाकली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. घाटाच्या भिंतीस व लहान पुलास अशी कोणी वाली हवा. कोणत्या मापास सावध व्हावें, कोणत्या मापास माणसें हालवावीं आणि तो निर्णय रात्रीं दोन वाजतां कोणी घ्यावा, हें पावसाळ्यापूर्वीं कागदावर ठरलेलें असलें पाहिजे.

महाराष्ट्राच्या गांवोगांवीं अखंड हरिनाम सप्ताह होतो, तेव्हां सातही दिवस वीणा भुईवर ठेवीत नाहींत. एकाचा पहारा संपला कीं दुसरा ती गळ्यांत घेतो. मध्यरात्रीं देवळांत दोन-चारच माणसें उरतात, तरी वीणा कोणाच्या तरी हातीं असतेच. पहाऱ्याची पाळी आधींच लावलेली असते आणि आपली पाळी कोणती हें प्रत्येकास ठाऊक असतें. कांचेच्या तंतूसही असाच पहारा लागतो. तंतु कारखान्यांतून विकत मिळतो व वाचकयंत्रही मिळतें. पाळी मात्र गांवानें आणि अधिकाऱ्यांनीं मिळून लावावी लागते. ती लागली, तर एखाद्या पावसाळी दुपारीं भिंतीच्या आडोशास बसलेल्या यात्रेकरूस कोणी तरी वेळेवर हांक मारील आणि तो उठून बाजूस होईल.